संक्रमणवर्षाची शिल्लक

महाड-पोलादपूर परिसरात पावसाळ्यात मातीची मैदाने चिखलमय होतात आणि महाविद्यालयीन कबड्डी संघांचा हंगामपूर्व सराव खोळंबतो. त्यातच अनुभवी खेळाडू पदवी घेऊन बाहेर पडले, की ते वर्ष संक्रमणाचे ठरते. मातीत अनवाणी घडलेल्या नवोदितांना मॅटवर बूट घालून पाय रोवणे नव्याने शिकावे लागते. अशा संघाकडून लगेच करंडकाची अपेक्षा करणे योग्य नव्हे.

कबड्डीचा नियम मात्र उणीव असलेल्या संघाला आधार देतो. मैदानात तीन किंवा त्याहून कमी खेळाडू उरले असता त्यांनी चढाई करणाऱ्याची पकड केली, तर एकाऐवजी दोन गुण मिळतात. बाद झालेला एक सहकारीही परततो.

व्यापारी घरातील खेळाडूची अडचण निराळी असते. चातुर्मासात चौविहार सांभाळायचा आणि दिवाळीपूर्वी गल्ल्यावरही बसायचे. सराव पहाटे ठेवल्यास व्रत, दुकान आणि खेळ तिन्ही साधतात. वडिलांनी तेवढी मोकळीक अवश्य द्यावी. नवी वही उघडताना मागील शिल्लक पुढे ओढली जाते. ज्येष्ठांनी शिकवलेली पकड ही संघाची तशीच शिल्लक होय. ती पुढे नेणारा मुलगा उद्या पेढीही सांभाळील.