हवा सर्वांची, जबाबदारी कोणाची?

नळाला गढूळ पाणी आले की आपण नगरपालिकेला जाब विचारतो. परंतु कोंदट सभागृहात इतरांनी सोडलेली हवा दोन-दोन तास आत घेताना जाब कोणाला विचारावयाचा, हे आपणांस ठाऊक नसते. ही उदासीनता किती महाग पडते, याचे पुरावे जुने आहेत.

१९७७ साली अलास्कातील होमर येथे इंजिनातील बिघाडामुळे एक विमान काही तास विमानतळावर अडकून पडले. वायुवीजन यंत्रणा बंद होती आणि प्रवाशांत इन्फ्लुएन्झाचा एक रुग्ण होता. विमानातील ५४ जणांपैकी ७२ टक्के तीन दिवसांत आजारी पडले. १० मार्च २०२० रोजी अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात माउंट व्हर्नन येथे ६१ जण समूहगायनाच्या अडीच तासांच्या सरावासाठी जमले. गळाभेटी टाळल्या गेल्या, हातांना जंतुनाशक लावले गेले. तरीही ५३ जण निश्चितपणे वा बहुधा कोविडबाधित ठरले, दोघे दगावले.

याचे कारण आता स्पष्ट झाले आहे. बोलताना, गाताना, खोकताना बाहेर पडणारे सूक्ष्म कण उदबत्तीच्या धुरासारखे तरंगतात आणि बंद खोलीत साचत जातात. तेथे केवळ अंतर राखून भागत नाही. मार्च २०२० मध्ये हा प्रसार नाकारणाऱ्या जागतिक आरोग्य संघटनेलाही २०२१ मध्ये भूमिका बदलावी लागली.

ज्याला भीती वाटते त्याने मुखपट्टी वापरावी, असा युक्तिवाद केला जातो. मुखपट्टी उपयुक्त आहेच. परंतु विद्यार्थी आपला वर्ग निवडत नाही, कारकून आपले टेबल निवडत नाही. वायुवीजनाचा खर्च मालकाने करावयाचा आणि लाभ इतरांना व्हावयाचा, अशा व्यवहारात खर्च टाळण्याकडेच कल राहणार. खिडक्या बंद करून बसविलेले वातानुकूलन यंत्र बहुधा खोलीतील तीच हवा थंड करून परत देते. विजेची बचत कार्यालयाच्या जमेस पडते, ताप मात्र कारकुनाच्या नावे लागतो. म्हणूनच हा प्रश्न बाजारावर सोडता येणार नाही.

उपाय आवाक्याबाहेरचे नाहीत: समोरासमोर उघडणाऱ्या खिडक्या, हवा बाहेर फेकणारे पंखे आणि कार्बन डायऑक्साइडचे मापक. बाहेरच्या हवेत हा वायू दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग असतो. खोलीतील आकडा दुप्पट-तिप्पट झाला, की आपण एकमेकांचे उच्छ्वास वाटून घेत आहोत असे समजावे. शाळा, कार्यालये व नाट्यगृहे यांना परवानगी देताना हा आकडा दर्शनी भागी लावण्याची अट घातली पाहिजे. जलशुद्धीकरणाचा खर्च समाजाने केव्हाच मान्य केला आहे. श्वासाचा खर्चही सार्वजनिक अंदाजपत्रकात मांडला गेला पाहिजे.