पोटांत ठेवावयाच्या गोष्टी

एक नोकरी सोडून दुसरी धरणाऱ्या आमच्या तरुण वाचकांपैकीं कित्येकांनीं आम्हांस एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांनीं विचारला आहे. जुना धनी नव्या धन्यास आमच्याविषयीं काय काय सांगूं शकतो? आमचें आजारपण, आमचा पगार, वरिष्ठांशीं उडालेला आमचा खटका, हें सर्व आतां त्याच्या मालकीचें झालें काय? प्रश्न साधा दिसतो. परंतु धनी आणि चाकर यांच्या नात्याचें सगळें मर्म त्यांत आहे, म्हणून या महिन्यांत त्याचाच विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मनुष्य कामावर रुजू होतो तेव्हां तो धन्याच्या हातीं केवळ आपले श्रम देत नाहीं. जन्मतारीख, घरचा पत्ता, आधार व पॅन यांचे क्रमांक, बँकेचें खातें, भविष्यनिर्वाह निधीच्या वारसाचें नांव, इतकें तर पहिल्या आठवड्यांतच द्यावें लागतें. पुढें वर्षानुवर्षें त्यांत भर पडते. रजेच्या अर्जांतून दुखणीं कळतात, प्रसूतीच्या दाखल्यांतून संसार कळतो, पगारावर जप्ती आली म्हणजे कर्जहि कळतें. दहा वर्षांच्या नोकरीनंतर कचेरींतील कपाटास त्या मनुष्याविषयीं जें ठाऊक असतें, तें त्याच्या सख्ख्या भावासहि ठाऊक नसतें. यांतील एकहि गोष्ट त्यानें हौसेनें सांगितलेली नसते. अमुक कामासाठीं पाहिजे म्हणून मागितली, म्हणून त्यानें दिली.

आमच्या धर्मशास्त्रकारांस या व्यवहाराचें नांव चांगलें ठाऊक होतें. मनूनें व्यवहाराचीं जीं अठरा पदें सांगितलीं, त्यांत ऋणादानाच्या पाठोपाठ निक्षेपाचा, म्हणजे विश्वासानें ठेविलेल्या ठेवीचा, क्रम लागतो. याज्ञवल्क्यानें तर पात्रांत बंद करून, आंत काय आहे तें न सांगतां सोंपविलेल्या ठेवीचा मुद्दाम विचार केला आहे. ती जशी दिली तशीच परत करावी, असा त्याचा दंडक आहे. स्मृतिकारांच्या डोळ्यांपुढें सोनेंनाणें होतें हें खरें. परंतु ठेव घेणारा हा तिचा रक्षक असतो, मालक नसतो, हें तत्त्व कागदावरील माहितीसहि तितकेंच लागू पडतें. ज्या कामाकरितां माहिती घेतली त्या कामापलीकडे तिचा उपयोग करणें, हा आमच्या मतें निक्षेपाचा अपहार होय.

हें केवळ पोथींतील तत्त्व नव्हे. १९९१ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें आयुर्विमा महामंडळांतील एका महिलेचें प्रकरण आलें. नोकरींत घेतांना तिच्याकडून भरून घेतलेल्या पत्रकांत मासिक पाळी नियमित येते काय, गर्भ किती वेळां राहिला, असले प्रश्न होते. तिनें दिलेली माहिती खोटी, असें कारण पुढें करून महामंडळानें तिला उमेदवारीच्या काळांतच कमी केलें होतें. न्यायालयानें तिला पुन्हां कामावर घेण्यास सांगितलें आणि असे लज्जास्पद रकाने पत्रकांतून काढून टाकावेत अशी सूचना केली. जें विचारूंच नये, तें पुढें दुसऱ्यास सांगण्याचा प्रश्नच उरत नाहीं.

१९९७ सालीं मुंबईच्या उच्च न्यायालयानें एका रोजंदारीच्या कामगाराचा निकाल दिला. अंगीं काम करण्याची ताकद असतां, केवळ एचआयव्हीची बाधा आढळली म्हणून एका सार्वजनिक महामंडळानें त्यास काम नाकारलें होतें. न्यायालयानें तें घटनाविरुद्ध ठरविलें. विशेष हें कीं, खटल्यांत त्या कामगाराचें खरें नांव न घालतां नुसतीं अक्षरें घालण्याची मुभा दिली. न्याय मागावयास आलेल्या मनुष्याची लाज न्यायमंदिरांतच उघडी पडूं नये, ही ती दृष्टि. पुढें २०१७ सालीं या रोगासंबंधीं झालेल्या कायद्यानें नोकरी देण्यापूर्वी अशा तपासणीची सक्ति करण्यास बंदी केली. आणि त्याच वर्षीं २४ ऑगस्ट रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा एकमुखी निर्णय दिला.

२०२३ सालीं संसदेनें डिजिटल स्वरूपांतील वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें निघाले, आणि मुख्य बंधनें त्यानंतर अठरा महिन्यांनीं लागू व्हावयाचीं असें ठरलें. नोकरीच्या कामासाठीं लागणारी माहिती निराळी संमति न घेतां वापरण्याची सवलत धन्यास त्यांत आहे. परंतु ‘नोकरीच्या कामासाठीं’ हे शब्द त्यानें विसरूं नयेत. माहिती नीट न सांभाळल्यास होणाऱ्या दंडाची मर्यादा २५० कोटि रुपयांपर्यंत आहे.

मग धन्यानें तोंडास कुलूपच घालावें काय? तसें नाहीं. कांहीं गोष्टी कायदाच त्याला सांगावयास लावतो: कापलेला कर प्राप्तिकर खात्यास, निधीची वर्गणी त्या कचेरीस, न्यायालयानें मागविलेले कागद न्यायालयास. सरकारी अधिकाऱ्यांचें वेतन तर २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानें कचेरीनें आपण होऊनच प्रसिद्ध करावयाचें असतें, कारण तेथें पैसा लोकांचा असतो. नव्या धन्यानें विचारलें असतां, मनुष्य केव्हांपासून केव्हांपर्यंत होता, कोणत्या हुद्द्यावर होता, काम कसें करी, हें खरेपणानें सांगण्यास हरकत नाहीं. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या हितरक्षणासाठीं सद्भावानें केलेल्या कथनास बदनामीच्या कायद्यांतहि अपवाद आहे. जुन्या दंडसंहितेंत तो होता, आणि १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंतहि आहे. ज्या रोखपालानें पेढीचे पैसे खाल्ल्याचें चौकशींत सिद्ध झालें, त्याची तोंड भरून शिफारस करून त्यास दुसऱ्या पेढीच्या गळ्यांत बांधणें ही गुप्तता नव्हे, ती लबाडी होय. पण त्याच रोखपालाची बायको माहेरीं कां गेली, हें सांगणें ही सत्यनिष्ठा नव्हे, ती चहाडी होय. दुखणें, घरचें भांडण, खासगी नोकरींतील पगाराचा आकडा, या गोष्टी ज्याच्या त्याच्या संमतीवांचून बाहेर जाऊं नयेत. कामाच्या जागीं स्त्रियांच्या होणाऱ्या लैंगिक छळासंबंधीं २०१३ च्या कायद्यानें तर तक्रार करणारी, ज्याच्यावर तक्रार तो, आणि साक्षीदार, यांपैकीं कोणाचीहि ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई केली आहे.

आम्ही ज्या शाळांतून शिकविलें त्यांपैकीं एकींत घडलेली गोष्ट सांगतों. आमच्या एका सहशिक्षकांस क्षयाची बाधा झाली. सहा महिन्यांच्या औषधानें ते खडखडीत बरे झाले. परंतु रजेच्या अर्जास जोडलेल्या डॉक्टरांच्या दाखल्याची बातमी कचेरींतून शिक्षकांच्या खोलींत, तेथून पालकांत, आणि अखेर त्यांच्या मुलीस पाहून गेलेल्या मंडळींच्या कानीं गेली. जुळत आलेलें लग्न फिसकटलें. कोणी खोटें बोललें नव्हतें, कोणाच्या मनांत द्वेषहि नव्हता; “बिचाऱ्यांनीं फार सोसलें हो,” एवढ्या सहानुभूतीच्या बोलांवर ती बातमी घरोघर फिरली. दोष कोणाच्याच माथीं बसला नाहीं, आणि नुकसान मात्र ज्या मुलीचा कशांतच संबंध नव्हता तिचें झालें.

ठेवीचा आणखी एक नियम असा कीं, ज्याची ती आहे त्यापासून ती लपवूं नये. सरकारी नोकरांच्या गोपनीय अहवालांतील केवळ प्रतिकूल शेरे तेवढे त्यांस कळविण्याची पूर्वी रीत होती. ‘चांगला’ हा शेरा ऐकावयास गोड. पण बढतीस ‘फार चांगला’ पाहिजे असेल तर तोच शेरा मनुष्यास मागें ठेवितो, आणि त्यास पत्ताहि लागत नाहीं. म्हणून २००८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं प्रत्येक शेरा, मग तो कसाहि असो, त्या नोकरास कळविलाच पाहिजे. तरुणांनींहि नोकरी सोडतांना अनुभवाचा दाखला मागून घ्यावा, त्यांतील मजकूर तेथेंच वाचावा, आणि आपल्यापाशीं कोणती माहिती कशासाठीं मागतात हें विचारण्यास संकोच करूं नये.

आतां थोडें घराकडे वळूं. कारण आपण जसे कोणाचे तरी नोकर, तसे कोणाचे तरी धनीहि आहों. स्वयंपाकाच्या बाई, धुणींभांडीं करणारी, मोटार चालविणारा, यांच्या आधारपत्रांच्या नकला आपल्याच घरीं आहेत. नवरा पितो, मुलगी नापास झाली, सावकाराचें देणें आहे, हें त्या बाईनें भांडीं घासतां घासतां आपल्यापाशीं बोलून मन हलकें केलें. आणि संध्याकाळीं तेंच सोसायटीच्या व्हॉट्सॲपच्या गटावर सर्वांनीं वाचलें. कांहीं मोठ्या संकुलांत तर घरकामाच्या बायांस मोबाइलवरून गुण देण्याचीहि सोय झाली आहे. बाईस मात्र आपल्या यजमानीणबाईंस गुण देतां येत नाहींत. २०२३ चा कायदाहि व्यक्तीनें घरगुती कारणासाठीं वापरलेल्या माहितीस लागू होत नाहीं. कायदा उंबरठ्याशीं थांबतो. आंत जें सांभाळावयाचें तें आपणांसच सांभाळिलें पाहिजे.

तोंड उघडण्यापूर्वी तीन प्रश्न आपल्या मनास विचारावेत. ही गोष्ट मला कोणत्या कामासाठीं कळली? ऐकणाऱ्यास तिची खरोखर गरज आहे काय? आणि जिची ही गोष्ट ती समोर उभी असती, तर मीं ती याच शब्दांत सांगितली असती काय? तिन्हींचें उत्तर स्वच्छ असेल तर खुशाल बोलावें.

आणि या महिन्यांत एक लहानसें काम अवश्य करावें. कपाटाचा खण उघडून पाहावा. काम सोडून गेलेल्या बायांच्या आधारपत्रांच्या नकला तेथें सांपडतील, मोबाइलमध्यें त्यांचीं छायाचित्रें असतील. काम संपलें, तेव्हां ठेव ठेवण्याचें कारणहि संपलें. नकला फाडून टाकाव्यात, छायाचित्रें पुसून टाकावींत. आणि ती बाई जवळपास राहत असेल तर तसें तिला कळवावें.