दंडाचा घेर

रत्नागिरी जिल्ह्यातल्या बुरोंडीला आषाढात जो गेला आहे त्याला हे दृश्य परिचयाचे असेल: होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या, जाळी पडवीत दुरुस्तीसाठी पसरलेली, आणि १ जूनपासून ३१ जुलैपर्यंतच्या मासेमारीबंदीमुळे घरातली रोजची आवक थांबलेली. अशाच एका पडवीत, पागोळ्यांच्या आवाजात, अंगणवाडीच्या ताईंनी दीड वर्षाच्या एका मुलाचा डावा हात कोपरात दुमडला, खांद्याच्या हाडापासून कोपराच्या टोकापर्यंतचे अंतर घेऊन मध्यावर पेनाने ठिपका दिला, मग तो हात सैल खाली सोडून त्या ठिपक्यावरून तीन रंगांची पट्टी, कातडीला टेकेल पण मांसात रुतणार नाही इतक्या बेताने, गुंडाळली. पट्टीच्या खिडकीत बारा सेंटिमीटर एक मिलिमीटर हा आकडा आला, रंग पिवळा. मुलाची आई शांतपणे म्हणाली, "बारीकच आहे ओ ताई तो, बापाच्या वळणावर गेलाय."

या 'बारीक' शब्दाशी माझे भांडण आहे. त्यात मायेची कसूर मुळीच नाही. मूल मोजले-तोलले की त्याला दृष्ट लागते या जुन्या भीतीप्रमाणे तो शब्दही मायेतूनच आलेला आहे. परंतु जे रोज डोळ्यांसमोर असते त्याचे हळूहळू झिजणे डोळ्यांना दिसत नाही, आणि शेजारची चार मुले तशीच असली म्हणजे ती झीज हीच गावची अंगकाठी ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील आठ हजारांहून अधिक मुलांच्या वाढीचा अभ्यास केला, तेव्हा ज्यांना आईचे दूध, पुरेसा आहार आणि आरोग्याची निगा लाभली होती, ती दिल्लीची मुले आणि नॉर्वेची मुले पहिल्या पाच वर्षांत जवळजवळ सारख्याच चालीने उंच होतात असे आढळले. २००६ साली प्रसिद्ध झालेली वाढीची प्रमाणके याच अभ्यासावर उभी आहेत. तेव्हा पट्टीने पिवळा रंग दाखविल्यावर बापाच्या वळणाचा दाखला देऊन भागत नाही.

दंडच का मोजावयाचा, असा प्रश्न कोणी करील. दंडात मांस आणि चरबी, ही शरीराची दोन्ही शिलकी खाती, एकत्र असतात, आणि अन्न अपुरे पडले किंवा आजार लांबला की शरीर प्रथम हीच शिल्लक मोडून खाते. शिवाय पहिल्या वर्षापासून पाचव्या वर्षापर्यंत निरोगी मुलाच्या दंडाचा घेर फारसा बदलत नाही; म्हणून जन्मतारखेचा तपशील नसला तरी सहा महिन्यांपासून पाच वर्षांखालील सर्व मुलांना एकच माप लागू पडते. घेर साडेबारा सेंटिमीटर वा अधिक असेल तर हिरवा, साडेअकरा ते साडेबारा यांमध्ये पिवळा आणि साडेअकराच्या खाली लाल. या लाल मुलाला मृत्यूचा धोका सुदृढ मुलाच्या कित्येक पटींनी अधिक असतो. अंगणवाडीच्या बोलण्यात पिवळी मुले 'मॅम' (मध्यम कुपोषित) आणि लाल मुले 'सॅम' (तीव्र कुपोषित) या नावांनी येतात. तथापि पट्टी सर्वज्ञ नव्हे: काही मुले उंचीच्या मानाने वजन घेतल्यावरच सापडतात, आणि काहींची तर दोन्ही पावले सुजलेली असतात व ती सूज घरच्यांना बाळसे वाटते. अशा पावलावर अंगठा तीन सेकंद दाबून धरावा. खळगा तसाच राहिला तर ते बाळसे नव्हे, तो तीव्र कुपोषणाचा पुरावा होय, आणि त्या मुलाला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावयास हवे.

जव्हारजवळच्या वावर-वांगणीची आणि पुढे मेळघाटची कुपोषणाने दगावलेली बालके १९९२-९३ च्या सुमारास वृत्तपत्रांच्या पहिल्या पानांवर आली, तेव्हापासून कुपोषण म्हणजे डोंगरातल्या आदिवासींचा प्रश्न अशी आपली सोयीची समजूत झाली आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने कृश आणि १०.९ टक्के तीव्र कृश आढळली. एवढी मुले एकट्या डोंगरात मावत नाहीत. ज्या बंदरात टोपल्याच्या टोपल्या मासळी उतरते तेथे मूल उपाशी कसे राहील, हा प्रश्नही फसवा आहे. आई पहाटे बंदरावर गेली की तान्ह्याचे दोन वेळचे भरविणे चुकते, आणि त्याचे पोट तर मुठीएवढे, वरचेवर थोडे थोडे मागणारे. पावसात अतिसाराने आठवडाभर गाठले तर चार महिन्यांची कमाई जाते. आणि बंदीच्या दोन महिन्यांत तेल, अंडी, डाळ यांनाच प्रथम कात्री लागते.

म्हणून माझे म्हणणे दोन गोष्टींपुरते आहे. पहिली, खऱ्या आकड्याला शिक्षा होता कामा नये. ज्या सेविकेच्या नोंदवहीत लाल मुले अधिक, तिच्याकडे जाब मागावयाचा आणि जिचे रकाने हिरवे तिची पाठ थोपटावयाची, हा रिवाज जोवर चालू राहील, तोवर माप अंदाजाने भरले जाईल. मूल हुडकून काढणे हे त्या ताईंचे कर्तृत्व मानून, त्या मुलाच्या ग्राम बाल विकास केंद्रातील आहाराची आणि गरज पडल्यास पोषण पुनर्वसन केंद्रात नेण्याची तजवीज ठरल्या मुदतीत झाली की नाही, याचा जाब वरच्या अंमलदारांना विचारला पाहिजे.

दुसरी गोष्ट, पट्टी आईच्या हाती द्यावी. आफ्रिकेतील नायजर देशात आयांना ती वापरावयास शिकविली, तेव्हा त्यांचे माप आरोग्यसेवकांच्या मापाशी उत्तम जुळले आणि मुले प्रकृती फार खालावण्यापूर्वी उपचाराला आली. बुरोंडीची आई मासळीचा वाटा नजरेने तोलते आणि जाळ्याचा डोळा बोटांनी ओळखते. तिला तीन रंग वाचता येणार नाहीत असे कोण म्हणेल? त्या सकाळी तिने ती पट्टी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि लाल कुठे संपतो ते विचारले. पण पट्टी एकच होती, ती ताईंबरोबर पुढच्या घरी गेली. अल्प किमतीची ती वस्तू दर घरी पाळण्याच्या दोरीला अडकवलेली असावी आणि दर पंधरवड्याला आईनेच ती मुलाच्या दंडाला लावावी, एवढे करण्यास नव्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. पुढची मासेमारीबंदी सुरू होण्यापूर्वी जिल्हा परिषदेने हे काम रत्नागिरीच्या प्रत्येक बंदरात पुरे करावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.