हजेरीपटाबाहेरचा कामगार

दसरा उलटला की पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवरून बिऱ्हाडे हलू लागतात. घरी म्हातारी माणसे राहतात, शाळेच्या पटावरची मुले कोपीवर जातात आणि पुढचे पाच-सहा महिने नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ एवढीच त्यांची ओळख उरते. याच जिल्ह्यात १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. सहकाराने ऊस पिकविणाऱ्या शेतकऱ्याला भागधारक केले, हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु तोच ऊस तोडणारा माणूस पाऊणशे वर्षांनंतरही कारखान्याच्या हजेरीपटावर कामगार म्हणून आलेला नाही.

कारखान्याच्या फाटकाच्या आत आणि बाहेर अशा श्रमाच्या दोन जाती निर्माण झाल्या आहेत. आतल्या कामगाराला त्रिपक्षीय वेतनकरार आहे, भविष्यनिर्वाह निधी आहे, ग्रॅच्युइटी व बोनस आहे. हे कोणी दान दिलेले नाही; संघटनेच्या बळावर मिळवलेले आहे. बाहेरच्या कामगाराला मात्र टनावर मजुरी, हंगामापूर्वी घेतलेली उचल आणि एक दिवस खाडा झाला तर त्याचा दंड! उचल फिटली नाही तर पुढचा हंगामही त्याच मुकादमाकडे गहाण पडतो. वेठबिगारी कायद्याने १९७६ साली संपली, असे म्हणतात. उसाच्या फडात तिने केवळ नाव बदलले आहे.

या कामगाराचा मालक कोण, हा खरा प्रश्न आहे. कारखाना वाहतूक ठेकेदाराकडे बोट दाखवतो, ठेकेदार मुकादमाकडे, आणि मुकादम म्हणतो की आपणही तोडणीवालेच. परंतु ऊस कोणत्या दिवशी, कोणत्या गटातून तुटावा हे कारखान्याचा शेतकी विभाग ठरवतो. वजन कारखान्याच्या काट्यावर होते. एवढेच नव्हे, तर जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढीचा निर्णय झाला, तेव्हा संघटनांच्या समोर कारखान्यांच्या वतीने साखर संघच बसला होता. २०२३-२४ ते २०२५-२६ या तीन हंगामांसाठी मजुरीचा दर आणि मुकादमाचे कमिशन तेथेच ठरले. जो मजुरी ठरवतो तो मालक नव्हे, हा युक्तिवाद कोणत्या तर्कशास्त्रात बसतो?

कायद्यानेही या कामगाराला अंतरच दिले आहे. १९७९ चा स्थलांतरित कामगार कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांपुरता होता. त्यामुळे पाथर्डीची टोळी कर्नाटकात गेली तर ती स्थलांतरित, आणि कोल्हापूरला गेली तर नव्हे! २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी ‘आंतरराज्य’ ही अट तशीच ठेवली. औद्योगिक संबंध संहितेनुसार अनेक संघटना असतील तेथे वाटाघाटींचा एकमेव हक्क मिळविण्यासाठी हजेरीपटावरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा लागतो. ज्याचे नावच हजेरीपटावर नाही, त्याची गणना शंभरात होत नाही आणि एक्कावन्नातही होत नाही. म्हणून नोंदणीचा प्रश्न हा कारकुनी प्रश्न नसून संघटनेच्या अस्तित्वाचा प्रश्न आहे.

सर्वांत मोठी किंमत स्त्री मोजते. तोडलेल्या उसाच्या मोळ्या डोक्यावरून वाहणे, अपरात्री गाडी भरणे, पहाटे चूल पेटवणे ही सारी कामे तिची. हिशेब मात्र नवऱ्याच्या नावावर. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली शासकीय समितीने पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही आणि फडावर ना शौचालय ना दवाखाना, ही स्थिती ज्या व्यवस्थेने निर्माण केली तिच्याकडून याचा जाब घेतलाच पाहिजे.

कारखानदारांचे म्हणणे असे की मुकादम कोट्यवधींची उचल बुडवतात, आणि मागण्या वाढल्या तर तोडणी यंत्रे येतील. पहिली तक्रार खोटी नाही. पण ती ठेकेदारीविरुद्धचा पुरावा आहे, कामगाराविरुद्धचा नव्हे. प्रत्येक कामगाराची थेट नोंद झाली आणि मजुरी त्याच्या व तिच्या स्वतंत्र खात्यात गेली, तर उचल बुडविणारा मधला माणूसच उरणार नाही. यंत्रे तर मजुरी कमी ठेवूनही येतच आहेत. त्यांच्या भयाने आजचा हक्क सोडणारा कामगार उद्या रिकाम्या हातानेच घरी जाईल.

मार्ग महाराष्ट्राला अपरिचित नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने दहा मालकांकडे फिरणाऱ्या हमालाला मंडळात नोंदवले. मालकाने मजुरी आणि लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने त्यातून निधी, ग्रॅच्युइटी, औषधोपचार द्यायचा, ही पद्धत बाजारसमित्यांच्या आवारात रुजली. २०१९ साली ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ झाले आणि टनामागे वर्गणीची तरतूदही झाली. परंतु कल्याण म्हणजे हक्क नव्हे. महामंडळ योजना देते. मंडळाने मालकाला बांधून घेतले पाहिजे, आणि त्यात कामगारांचे निवडलेले प्रतिनिधी, त्यातही स्त्रिया, बसल्या पाहिजेत.

शेवटी चळवळीनेही स्वतःकडे पाहावे. दरवाढीचा संप हंगामाच्या तोंडावर होतो, करार झाला की शाखा झोपी जातात. कारखान्यातील कायम कामगारांच्या युनियनने फडातील माणसाला आपल्या सभेला कितीदा बोलावले? तेव्हा काम उन्हाळ्यापासून, कामगार गावी असतानाच सुरू व्हावे. गावोगावी नाववार यादी, त्यात स्त्रीची वेगळी नोंद, उचलीचा लेखी हिशेब आणि पुढील करारात दराच्या आधी नोंदणीची मागणी. साखरेच्या प्रत्येक पोत्यावर वजन छापलेले असते. ते वजन ज्यांनी डोक्यावर वाहिले त्यांची नावे एका वहीत लिहून घेण्यास सहकाराच्या या जिल्ह्याने आणखी पाऊणशे वर्षे लावू नयेत.