७३ दीर्घिकासमूह, एक स्पेक्ट्रम आणि ३.५ केईव्हीची रेषा

फोनमधला नाइट मोड तुम्ही वापरला असेलच. अंधारात फोन पटापट बरेच फोटो काढतो आणि ते एकावर एक बसवून एक उजळ फोटो देतो. एक्स-रे खगोलशास्त्रात साधारण हेच काम कमांड लाइनवर होतं. अंधूक स्रोताकडून येणारे फोटॉन इतके कमी असतात की ते एकेक करून मोजतात. कुठल्या ऊर्जेचे किती आले, त्याचा तक्ता म्हणजे स्पेक्ट्रमची फाइल. अशा चार सारख्या फाइल्स जोडल्या की गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल दुप्पट होतो.

नासाच्या 'हीसॉफ्ट' या मोफत पॅकेजमध्ये यासाठी 'ॲडस्पेक' नावाची कमांड आहे. (मुंबईच्या टीआयएफआरच्या पुढाकाराने बनलेल्या ॲस्ट्रोसॅटवरच्या एसएक्सटी दुर्बिणीचा डेटा अभ्यासणारेही हेच पॅकेज वापरतात.) एका टेक्स्ट फाइलमध्ये स्पेक्ट्रमच्या फाइल्सची नावं लिहायची आणि ती यादी कमांडला द्यायची. आपल्याला वाटतं, बेरीजच तर आहे! पण नुसते फोटॉन मिळवून भागत नाही. एक्सपोजरचा वेळ मिळवावा लागतो. बॅकग्राउंड जेवढ्या क्षेत्रातून घेतलं, त्या प्रमाणात ते वजा करावं लागतं. शिवाय डिटेक्टरचा प्रतिसाद सांगणारी रिस्पॉन्स फाइल प्रत्येक निरीक्षणाची वेगळी, तिची वजनानुसार सरासरी काढावी लागते. वेगवेगळ्या डिटेक्टरच्या फाइल्स तर मी जोडणारच नाही. वेगळ्या ठेवून एकाच मॉडेलवर एकत्र फिट करेन.

हे सगळं किती महाग पडू शकतं, ते २०१४ पासून चाललेल्या एका वादात दिसतं. त्या वर्षी संशोधकांनी एक्सएमएम-न्यूटन दुर्बिणीने पाहिलेल्या ७३ दीर्घिकासमूहांचे स्पेक्ट्रम एकत्र केले. प्रत्येक समूह वेगळ्या अंतरावर, त्यामुळे ताम्रसृतीने सरकलेली ऊर्जा आधी मूळ जागी आणली. फायदा असा, की आकाशातली खरी रेषा एका जागी जमते आणि उपकरणातला दोष पसरून फिका होतो. त्यातून ३.५ केईव्हीजवळ एक क्षीण उंचवटा दिसला, कुठल्याच ओळखीच्या मूलद्रव्याशी नीट न जुळणारा. डार्क मॅटरचा कण विघटित होतोय की काय? जगभर चर्चा झाली.

पुढे २०१७ मध्ये हितोमी दुर्बिणीच्या डेटात पर्सियस समूहात ती रेषा दिसली नाही. मग एका गटाने आधीच्या सहा विश्लेषणांची नव्याने तपासणी केली. २०२४ मध्ये छापून आलेल्या त्या निबंधानुसार रेषेचा भक्कम पुरावा उरत नाही. आक्षेप फाइल्स जोडण्यावर कमी आणि नंतरच्या फिटिंगवर जास्त होता: बॅकग्राउंडचं मॉडेल कच्चं, आणि सर्वोत्तम उत्तर सापडण्याआधीच थांबलेलं सॉफ्टवेअर. मशीन लर्निंगवाल्यांना हा 'लोकल मिनिमम' चांगलाच ओळखीचा.

आता एक्सरिझम या नव्या दुर्बिणीने दहा समूहांची मिळून ३७.५ लाख सेकंदांची, म्हणजे जवळजवळ ४३ दिवसांची निरीक्षणं जोडली आहेत. तिचा डिटेक्टर साधारण ५ इलेक्ट्रॉनव्होल्टचा फरक ओळखतो, जुन्या सीसीडींपेक्षा कितीतरी बारीक. अनोळखी रेषा एकही सापडली नाही. 'डार्क मॅटरचा दावा खोटा ठरला' असं कुणी शेअर केलं तर मात्र थांबा. एवढ्या डेटातून निघालेली मर्यादा अजून २०१४ च्या आकड्याच्या वरच आहे; म्हणजे तेवढी क्षीण रेषा असली, तरी ती या बेरजेत दिसलीच नसती. त्यासाठी आणखी निरीक्षणं हवीत, आणि ती पुन्हा जोडावीच लागणार.