मुंबईच्या वस्त्यांतील कुपोषित बालकांसाठी निवेदन

प्रति,
मा. मंत्री, महिला व बालविकास, महाराष्ट्र शासन
मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका

विषय : गोवंडी-शिवाजीनगर व तत्सम वस्त्यांतील सहा वर्षांखालील बालकांचे कुपोषण

महोदय,

कुपोषण म्हटले की शासनाच्या डोळ्यांसमोर मेळघाट आणि मोखाडा येतो. तो यायलाच हवा. पण देवनारच्या कचराभूमीला खेटून असलेल्या शिवाजीनगरच्या गल्ल्यांतही हातापायांच्या काड्या झालेली मुले आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले खुरटलेली, तर २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने कृश आढळली. कृश मुलांचे प्रमाण २०१५-१६ च्या फेरीतही तेवढेच होते.

वस्तीत किराणा दुकान आहे, दवाखाना आहे. तरी मूल का वाळते?

याचे निम्मे उत्तर पाण्यात आहे. ज्या घराला नळ नाही ते पाणी विकत घेते, ड्रममध्ये साठवते आणि पुरवून पुरवून वापरते. मग दुधाची बाटली नुसती विसळली जाते, हात धुणे राहून जाते. मुलाला हगवण लागते, कसेबसे चढलेले वजन चार दिवसांत उतरते, भूक मरते आणि त्या अशक्त अंगाला पुढचे दुखणे लवकर गाठते.

उरलेले उत्तर आईच्या कामाच्या वेळांत आहे. धुणीभांडी करणारी, कचरा वेचणारी बाई बाळंतपणाची रजा कुठून आणणार? बाळ तीन-चार महिन्यांचे होते न होते तोच अंगावरचे दूध तुटते. दिवसभर ते आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असते. रडू लागले की चहात बुडवलेले बिस्कीट किंवा पाच रुपयांचा वेफर्सचा पुडा हातात येतो. रात्री वरणाचे पाणी. सहा महिन्यांनंतर बाळाला दिवसातून तीन-चार वेळा घट्ट, तेल-तूप घातलेले खाणे लागते. ते भरवायला घरात मोठे माणूसच नसते. याचा ठपका आईवर ठेवणे अन्यायाचे आहे.

अशा मुलाला आधार अंगणवाडीचा. सहा वर्षांखालील किमान ४० मुले असलेल्या, पण अंगणवाडी नसलेल्या झोपडवस्तीने मागणी केल्यास तीन महिन्यांत ती द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ रोजी दिला. अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ मध्ये बालकाला रोज ५०० किलोकॅलरींचा आणि कुपोषित बालकाला ८०० किलोकॅलरींचा पूरक आहार हक्काचा केला. मात्र जागेचे भाडे परवडत नाही म्हणून अंगणवाडी एखाद्या अंधाऱ्या खोलीत भरते, तिथे वीस मुलेही नीट बसू शकत नाहीत.

म्हणून निवेदनकर्त्यांची पहिली आणि सर्वांत आग्रहाची मागणी अशी की, वस्तीतील अंगणवाड्यांना जोडून आईच्या कामाच्या वेळेत चालणारी पाळणाघरे सुरू करावीत आणि त्यांच्या भाड्याची रक्कम मुंबईतील प्रत्यक्ष दरांनुसार ठरवावी. नळजोडणी नसलेल्या गल्ल्यांना महापालिकेने अधिकृत पाणी द्यावे. मुंबई उच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१४ रोजी अनधिकृत झोपड्यांतील रहिवाशांचाही पाण्याचा हक्क मान्य केला आहे. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरलेले प्रत्येक मूल उपचारापर्यंत पोहोचले की नाही, याची नोंद आरोग्य आणि बालविकास या दोन्ही खात्यांनी एकत्र ठेवावी. गाव सोडून आलेल्या किंवा भाड्याची खोली बदललेल्या कुटुंबाचा आहार कागदपत्रांसाठी अडवू नये.

अंगणवाडी नसलेल्या वस्त्यांची पाहणी तातडीने करून, न्यायालयाने सांगितलेल्या तीन महिन्यांच्या आत तेथे अंगणवाड्या सुरू कराव्यात आणि केलेल्या कार्यवाहीचे लेखी उत्तर द्यावे, ही विनंती.

आपले नम्र,
वस्तीतील पालक व रहिवासी