ड्रॉप टाकला अन् डोळा जास्तच सुजला?

‘काऊन रे, डोये आले का?’ पावसाळा लागला की अमरावती असो की अकोला, हा प्रश्न ठरलेला. जुलै-ऑगस्ट २०२३ची साथ तर आठवतच असेल. शेजारचा बुलडाणा जिल्हा तेव्हा रुग्णसंख्येत राज्यात आघाडीवर होता आणि आपल्याकडेही हजारोंचे डोळे लाल झाले होते. गॉगल ही फॅशन नव्हती, मजबुरी होती!

अशा वेळी सुट्टी कुठून आणायची? मग सरळ मेडिकल गाठायचं. ‘भाऊ, डोळ्याचा एखादा ड्रॉप द्या.’ नाहीतर ताईची उरलेली बाटली आहेच.

दोन दिवस बरे जातात. मग प्रचंड खाज सुटते. पापण्या सुजतात, डोळ्याखालची कातडी लाल आणि खरखरीत होते. आपल्याला वाटतं, इन्फेक्शन वाढलं. म्हणून चारदाऐवजी सहादा ड्रॉप! पण बॉस, ही त्या ड्रॉपचीच अ‍ॅलर्जी असू शकते. ती बहुधा लगेच दिसत नाही, एक-दोन दिवसांनी डोकं वर काढते. आधी तेच औषध चाललं होतं, म्हणून आताही चालेलच असं नाही.

यातलं बदनाम नाव म्हणजे निओमायसिन. २०१० मध्ये अमेरिकेतल्या त्वचातज्ज्ञांच्या संघटनेनं त्याला ‘अ‍ॅलर्जन ऑफ द इयर’ ठरवलं होतं. त्याचेच भाऊबंद जेंटामायसिन आणि टोब्रामायसिन. एकाची अ‍ॅलर्जी असेल, तर दुसराही त्रास देऊ शकतो. कधी अँटिबायोटिक निर्दोष असतं आणि ड्रॉप टिकावा म्हणून घातलेलं बेन्झाल्कोनियम क्लोराइड नडतं.

गंमत म्हणजे, पावसाळ्यात येणारे डोळे बहुतेकदा व्हायरसमुळे येतात. व्हायरसवर अँटिबायोटिक चालतच नाही. म्हणजे फायदा शून्य, वर अ‍ॅलर्जी फुकट!

मग करायचं काय?

- ड्रॉपनंतर खाज-सूज वाढली, तर तो थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.
- मनानं स्टेरॉइडचा ड्रॉप नकोच. त्यानं डोळ्याचं प्रेशर वाढून काचबिंदू होऊ शकतो.
- कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवा.
- अंधुक दिसणं, जोरात दुखणं, उजेड सहन न होणं : लगेच नेत्रतज्ज्ञ. ओठ सुजले किंवा श्वास लागला, तर थेट हॉस्पिटल.
- त्रास झालेल्या औषधाचं नाव मोबाइलमध्ये सेव्ह करा आणि पुढच्या प्रत्येक डॉक्टरला सांगा.

मोबाइल बिघडला तर नवा मिळतो. डोळ्यांना एक्स्चेंज ऑफर नाही, बाप्पा!